परतीच्या पावसापासून थंडी बसेपर्यंत: हवामान खात्याची फुकट सेवा द्राक्षवाल्याला किती कामाची? (निफाड तालुक्यातून रिव्ह्यू)

हा रिव्ह्यू कुठल्या एका ॲपचा नाही, हवामान खातं आपल्याला जे जे फुकट देतं त्या सगळ्याचा आहे. म्हणजे मौसम ॲप, मेघदूत ॲप, विजेसाठी दामिनी, खात्याची वेबसाइट आणि मंगळवारी-शुक्रवारी येणारं कृषी सल्ल्याचं बुलेटिन. आणि बघतोय तो फक्त एका हंगामापुरता, परतीचा पाऊस निघून गेला की ऑक्टोबर हीट, मग दिवाळी, मग तुळशीचं लग्न, मग मार्गशीर्षातला खरा गारठा, हा जो मधला काळ आहे ना त्याच्यापुरता. पावसाळ्यात सगळेच हवामान बघतात, पण आमच्या निफाड तालुक्यात ज्याच्याकडे द्राक्षबाग आहे त्याचा वर्षाचा पैसा ह्या दोन-अडीच महिन्यांच्या हवेवर ठरतो आणि नेमकं ह्याच काळात टीव्हीवाले हवामान सोडून दिवाळी शॉपिंग दाखवत असतात, त्यामुळे स्वतः बघायला शिकण्याला पर्याय नाही.

आधी हा काळ काय आहे ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. नैर्ऋत्य मान्सून पश्चिम राजस्थानातून साधारण १७ सप्टेंबरला मागे फिरायला लागतो, मुंबईतून निघायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आणि १५ ऑक्टोबरपर्यंत देशभरातून गेला असं धरतात (ह्या तारखा २०२० पासून बदलल्यात, जुन्या तारखा बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून पक्क्या आहेत). तो गेला की आभाळ स्वच्छ होतं, ऊन थेट लागतं, जमीन मात्र अजून ओलीच असते, म्हणून ती घामाघूम करणारी ऑक्टोबर हीट. दुपारी तापलं की चार-पाच वाजता ढग उभे राहतात, गडगडतं, वीज पडते, अर्ध्या गावात पाऊस आणि अर्ध्या गावात धुरळा. आणि आमच्याकडे गोडी छाटणी, म्हणजे फळ धरायची छाटणी, चालू असते नेमकी ह्याच दिवसांत. छाटणी झाली की डोळे फुटतात, पोंगा म्हणजे कोवळा कोंब, मग पानं, घड दिसायला लागतात, मग फुलोरा, मग मणी धरतात, आणि ह्या एकेका टप्प्याला हवामानाची वेगळी भीती. पोंग्यात आणि फुलोऱ्यात पाऊस झाला तर डावणी (बुरशीचा रोग) आणि गळकुज (घड गळणं-कुजणं), आभाळ नुसतं येऊन बसलं तर भुरी (ही पण बुरशीच), मणी मोठे व्हायच्या वेळी थंडी जास्त पडली तर फुगवण थांबते, आणि पुढे मण्यात पाणी उतरताना रात्री फार गार आणि दुपारी ऊन असं झालं की पिंक बेरी, म्हणजे हिरव्या मालावर गुलाबी छटा येते आणि एक्स्पोर्टचा माल लोकलला जातो. म्हणून मला हवामान म्हणजे छत्री घ्यायची का नाही एवढं नको असतं, मला रात्रीची आर्द्रता, ढग, वारा आणि पहाटेचं तापमान पाहिजे असतं.

आता सेवेकडे येतो. मौसम ॲप २०२० च्या जुलैत आलं. त्यात सुमारे ४५० शहरांचा सात दिवसांचा अंदाज, जिल्ह्यांच्या रंगीत सूचना पाच दिवसांपर्यंतच्या, आणि नाउकास्ट म्हणजे पुढच्या तीन तासांत काय होणार ते. रंगांचं बऱ्याच जणांना नीट माहीत नसतं म्हणून सांगतो, हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत रहा आणि लाल म्हणजे आता हालचाल करा. माझ्या मते ह्या ॲपमधली सगळ्यात कामाची गोष्ट नाउकास्ट आहे. ऑक्टोबरमध्ये दुपारी फवारणी करायची का थांबायचं हे सात दिवसांच्या अंदाजावरून ठरवताच येत नाही, कारण ते गडगडाटी ढग दोन-तीन तासांत तयार होतात आणि कुठल्या शिवारावर फुटतील हे सकाळी कोणालाच सांगता येत नाही. पण दुपारी दोनला नाउकास्ट बघितलं, जोडीला रडारचं चित्र बघितलं, तर औषध धुऊन जाणार का नाही ह्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो आणि महागाचं औषध वाचतं. दामिनी ॲप पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेनं केलंय, तुमच्या २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर सांगतं. बागेत छाटणीला मजूर असतात, लोखंडी अँगल आणि तारांचा मांडव असतो, तिथं हे ॲप पाहिजेच पाहिजे, ह्याच्यावर मी वाद घालणार नाही. प्रत्येक मुकादमाच्या फोनमध्ये टाकून द्या.

मौसमची मर्यादा एकच, ते मुळात शहर धरून केलेलं आहे. नाशिकचा आकडा म्हणजे नाशिकच्या वेधशाळेचा आकडा. तो आमच्या कादवा नदीकाठच्या बागेला लागू पडतच नाही, विशेषतः थंडीत, पण त्याच्यावर खाली सविस्तर लिहितो.

दुसरी गोष्ट शब्दांची, जी प्रत्येक शेतकऱ्यानं पाठ करावी असं मला मनापासून वाटतं. बुलेटिनमध्ये "तुरळक ठिकाणी" लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस होईल. "काही ठिकाणी" म्हणजे २६ ते ५० टक्के, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे ५१ ते ७५, आणि "बहुतांश ठिकाणी" त्याच्या वर. लोक म्हणतात तुरळक सांगितला होता आणि आमच्याकडे टिपूस नाही, अंदाज चुकला. अरे, चारातल्या तीन ठिकाणी पडणारच नाही असंच सांगितलं होतं ना. आणि उलट बाजूनं, "हलका पाऊस" ह्या शब्दावर निवांत बसू नका. खात्याच्या मोजमापात १५.५ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस हलकाच धरतात आणि "जोरदार" म्हणायला ६४.५ मिलिमीटर लागतात. हे माप पावसाळ्याच्या हिशोबानं बरोबर आहे, पण नोव्हेंबरात फुलोऱ्यातल्या बागेवर आठ-दहा मिलिमीटर पडला आणि रात्रभर पानं ओली राहिली तर तो पाऊस हलका राहत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटेपासून फवारणीचा ब्लोअर चालू करावा लागतो. तेव्हा शब्द वाचू नका, मिलिमीटरचा आकडा वाचा आणि आपली बाग कुठल्या अवस्थेत आहे त्याच्याशी लावून बघा.

आता माझ्या आवडीचा भाग, बुलेटिन. सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात किमती. ग्रामीण कृषी मौसम सेवेचं हे बुलेटिन दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं, नाशिक जिल्ह्याचं इगतपुरीच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रातून येतं, मराठीत असतं, मेघदूत ॲपमध्येही मिळतं (मेघदूत २०१९ ला आलं). खाली पिकनिहाय सल्ला असतो, द्राक्ष, कांदा, गहू, हरभरा, जनावरं, कोंबड्या सगळं. बहुतेक जण तेवढाच सल्ला वाचतात आणि वरचा तक्ता सोडून देतात. मी उलट करतो. तक्त्यात पाच दिवसांचा पाऊस, कमाल-किमान तापमान, सकाळची आणि दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग, वाऱ्याची दिशा आणि ढगाळपणा असतो, आणि आमच्या कामाचं अर्धं हवामान शेवटच्या दोन रकान्यांत आहे.

ढगाळपणा ओक्टामध्ये देतात, आभाळाचे आठ भाग समजायचे, ० म्हणजे लख्ख, ८ म्हणजे पूर्ण भरलेलं. नोव्हेंबरात ढगाळपणा ५-६ दिसला आणि पाऊस शून्य दिसला की बरेच जण म्हणतात चला पाऊस नाही, सुटलो. पण तीच भुरीची हवा आहे. भुरीला पानावर पाणी लागत नाही, ढगाळ आणि दमट एवढं पुरतं, म्हणून अशा आठवड्यात मी पानाच्या मागं आणि घडाच्या दांड्यावर बघत फिरतो. डावणीचं वेगळं, तिला ओलं पान पाहिजे, मग ते पावसानं होवो नाहीतर दवानं. पाऊस थांबल्यावर लगेच आभाळ उघडलं, रात्री वारा पडला, सकाळची आर्द्रता ९० च्या वर दिसतेय, तर पहाटे दव पडणार आणि नऊ वाजेपर्यंत पान वाळणार नाही हे तक्त्यावरूनच कळतं, त्याला वेगळ्या तज्ज्ञाची गरज नाही. (पुण्याला मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचाही हवामानावर आधारलेला सल्ला येतो, तो पण वाचा, औषध कुठलं आणि काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं हे तिथं जास्त नीट असतं.)

वाऱ्याची दिशा बघायला आमच्या नानांच्या पिढीला तक्ता लागत नव्हता, ते उपरण्याच्या टोकावरून सांगायचे. पूर्वेकडून-आग्नेयेकडून वारा आला की बंगालच्या उपसागराची वाफ येते, आभाळ भरतं, रात्री उकडतं. उत्तरेकडून सुटला की अंग तडकायला लागतं, ओठ फुटतात, थंडी आली. तक्त्यात तीच गोष्ट अंशात लिहिलेली असते, ० किंवा ३६० च्या जवळचा आकडा म्हणजे उत्तर, ९० पूर्व, १३५ आग्नेय. तुम्ही जर सलग दोन-तीन बुलेटिनं समोर ठेवून फक्त दिशा आणि ढग हे दोन रकाने बघितले ना, तर थंडी कधी येणार आणि कधी मोडणार हे किमान तापमानाच्या रकान्यापेक्षा लवकर कळतं. वारा पूर्वेचा उत्तरेला वळतोय, ढग ५ वरून १-० होतायत, मग किमान तापमान तक्त्यात १४ लिहिलेलं असलं तरी स्वेटर आणि बागेतल्या शेकोटीची तयारी करायला लागा.

असं का होतं ते पण सांगतो कारण हे कळलं की सगळं सोपं होतं. थंडी दोन प्रकारांनी येते. एक, उत्तरेत पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची प्रणाली) येऊन गेला, काश्मीर-हिमाचलात बर्फ पडला, की त्याच्या मागून उत्तरेचे कोरडे गार वारे खाली उतरतात. दुसरी, रात्री आभाळ उघडं असलं की जमीन दिवसभराची उष्णता वर सोडून देते आणि पहाटेपर्यंत गार पडते, ढग असले की तीच उष्णता खाली अडकते, ढग म्हणजे जमिनीवरची गोधडीच. म्हणून विक्षोभ डोक्यावर असताना उलटी थंडी कमी होते, लोक म्हणतात काय ही थंडी, डिसेंबर आला तरी पंखा लावावा लागतोय, आणि तो पुढे सरकला की दोन रात्रींत पारा पाच-सहा अंशांनी खाली. गार हवा जड असते, ती रात्री उताराला वाहत येऊन खोलगट भागात, नदीकाठी साचते. निफाडची थंडी दरवर्षी पेपरात येते त्याचं हेच, उघडं शिवार, पाणथळ नदीकाठ, काँक्रीट कमी. आमच्या इथला तो बातमीतला आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजलेला असतो, आणि नाशिक शहराच्या आकड्यात आणि त्याच्यात दोन-तीन अंशांचा फरक असणं काही नवल नाही.

आता त्या आकड्याबद्दल. वेधशाळेतलं थर्मामीटर लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, सावलीत असतं. सकाळी साडेआठला वाचतात, आणि मागच्या २४ तासांतलं सगळ्यात कमी ते किमान, जे बहुतेक सूर्य उगवायच्या आसपासचं असतं. म्हणजे बातमीत "निफाड ८ अंश" आलं तर ते सव्वा मीटरवरच्या हवेचं ८ आहे, जमिनीलगत, गवताच्या पात्यावर, ठिबकच्या नळीवर त्याच्यापेक्षा कमी असतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात आणि लोक भांडतात की तापमान तर शून्याच्या वर होतं मग बर्फ कसा, तर असा. दोन्ही खरं असतं.

थंडीची लाट कधी म्हणतात ह्याच्यावरही दरवर्षी गावात चर्चा होते. नियम असा आहे की सपाट भागात किमान तापमान १० किंवा त्याच्या खाली पाहिजे आणि शिवाय ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी पाहिजे. ६.४ च्या पुढे फरक गेला तर तीव्र लाट. (४ अंशांवर किंवा खाली गेलं तर सरासरी न बघताच लाट म्हणतात.) नाशिकची डिसेंबरची सरासरी मुळातच दहा-अकराच्या आसपास, त्यामुळे आमच्याकडे ८ अंश म्हणजे गारठा खरा, पण लाट नाही, आणि म्हणून अलर्टही येत नाही. अलर्ट आला नाही म्हणजे बागेला धोका नाही असं मात्र अजिबात समजू नका. द्राक्षवेलीला सरासरी माहीत नसते. पहाटेचं तापमान एक आकडी व्हायला लागलं की मण्याची वाढ मंदावते, मुळं पाणी उचलत नाहीत. पहाटे ठिबक सोडायचं, बांधाला शेकोट्या करून धूर करायचा, घडांना पेपर लावायचा, हे सगळं अलर्टची वाट न बघता आपल्या थर्मामीटरवरून ठरवायचं. अलर्ट हा माणसांसाठी आणि जिल्हा प्रशासनासाठी आहे, त्याचं ते काम तो नीट करतो. आणि खरी लाट येते तेव्हा काय होतं त्याची आठवण असू द्या, २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ पर्यंत गेला होता, आणि पुण्यातला नीचांक १७ जानेवारी १९३५ चा १.७ आहे. आपल्या महाराष्ट्रात एवढी थंडी पडत नाही असं कोणी म्हणालं तर हे दोन आकडे सांगा.

नोव्हेंबरातलं सगळ्यात मोठं टेन्शन मात्र थंडीचं नाही, समुद्राचं आहे. मान्सून गेल्यावर अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात वादळांचा दुसरा हंगाम चालू होतो. २००९ ला ११ नोव्हेंबरला फयान कोकण किनाऱ्यावर आलं, २०१७ ला ओखीमुळे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत पाऊस झाला, २०१९ ला ऑक्टोबर अखेर क्यार आणि लगेच पाठोपाठ महा, आणि त्या वर्षी छाटलेल्या बागांची आणि सोंगून ठेवलेल्या मका-सोयाबीनची काय दशा झाली हे नाशिक जिल्ह्यात सांगायची गरज नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट तर निफाडकर विसरणार नाहीत, मण्यांच्या अवस्थेतल्या बागा तासाभरात झोडपल्या गेल्या. अशा वेळी ॲपवरचं ढगाचं चित्र बघत बसू नका. खात्याच्या वेबसाइटवर इन्सॅट उपग्रहाची चित्रं दर अर्ध्या तासाला येतात, ढगांचा पट्टा कुठून कुठं सरकतोय ते डोळ्यांनी दिसतं, आणि वादळ असेल तर त्याचा मार्ग नकाशावर येतो. तो मार्ग एक रेघ म्हणून वाचायचा नाही, रेघेच्या दोन्ही बाजूंना जो फुगत जाणारा पट्टा असतो त्याच्यात कुठंही जाऊ शकतं असं वाचायचं. वादळ गुजरातला जरी लागलं तरी त्याच्या ओढीनं आमच्याकडे आभाळ येतं. वादळाच्या बाबतीत ह्या सेवेला माझे पैकीच्या पैकी मार्क, चार-पाच दिवस आधी कल्पना मिळते, आणि चार-पाच दिवसांत प्रतिबंधक फवारणी उरकता येते, काढलेला माल आत घेता येतो. गारपिटीचं तसं नाही, तिची फक्त "शक्यता" एवढीच आधी कळते, नेमकं शिवार कळत नाही, आणि हे जगात कुठंच अजून नीट जमलेलं नाही, तेव्हा त्याचा राग खात्यावर काढण्यात अर्थ नाही. प्लास्टिक कव्हरचा खर्च परवडतो का त्याचा हिशोब करणं हाच तिथला उपाय.

२०२४ च्या ऑक्टोबरपासून ग्रामपंचायतीच्या पातळीवरचा अंदाज पण चालू झालाय, ई-ग्रामस्वराज आणि मेरी पंचायत ह्या सरकारी पोर्टल-ॲपवर दिसतो, आणि २०२५ च्या मे मध्ये ६ किलोमीटरच्या जाळीचं, म्हणजे ६-६ किलोमीटरचे चौकोन पाडून अंदाज काढणारं, भारत फोरकास्ट सिस्टिम आलं, पुण्याच्या आयआयटीएममधल्या 'अर्का' महासंगणकावर ते चालतं. आधीची जाळी १२ किलोमीटरची होती, म्हणजे पुष्कळ सुधारणा आहे आणि आपल्या पुण्यात हे झालंय ह्याचा अभिमान वाटतो. फक्त एक लक्षात ठेवा, तुमच्या गावाचं नाव लिहून खाली आकडा आला म्हणजे तुमच्या गावात कोणी थर्मामीटर वाचलं असं नाही, तो गणितानं काढलेला आकडा आहे. ६ किलोमीटरच्या चौकोनात आमच्याकडे नदीकाठ पण येतो, माळ पण येतो आणि हायवे पण येतो. मोजलेलं वेगळं, काढलेलं वेगळं. फोनमध्ये आयती येणारी परदेशी कंपन्यांची ॲपं तर बहुतेक काढलेलंच दाखवतात, दशांश चिन्हासकट, आणि पंधरा दिवसांनंतरच्या दुपारी चार वाजता पाऊस आहे असं बिनधास्त सांगतात. पाच-सात दिवसांच्या पुढचं तासावार सांगणाऱ्यावर विश्वास ठेवून मजूर सांगू नका. व्हॉट्सॲपवर फिरणारे "अमुक तारखेपासून राज्यात धो धो" वाले मेसेज पण तसेच, मिलिमीटर नाही, जिल्हा नाही, मागच्या वेळी काय सांगितलं होतं त्याचा हिशोब नाही.

म्हणून ह्या सगळ्या सेवेला पूर्ण करणारी वस्तू आपल्याला विकत घ्यावी लागते आणि ती म्हणजे साधं कमाल-किमान थर्मामीटर. यू आकाराच्या काचेच्या नळीचं, जेम्स सिक्स नावाच्या माणसानं १७८० ला काढलेली युक्ती अजून तशीच चालतेय. नळीत पाऱ्यावर दोन बारीक खुणेच्या कांड्या असतात, पारा त्यांना ढकलतो आणि मागे फिरला की त्या जागेवर अडकून राहतात, म्हणजे पहाटे चारला उठून बघायची गरज नाही, सकाळी जाऊन किमानची कांडी वाचायची आणि लोहचुंबकानं किंवा बटणानं परत पाऱ्याला टेकवून ठेवायची. शेती-औषधांच्या किंवा प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतं. डिजिटल पण मिळतात, आर्द्रता पण दाखवतात, दिसायला छान, पण बागेतल्या फवाऱ्यानं आणि धुळीनं त्यांचे सेन्सर लवकर खराब होतात असा माझा अनुभव, मला काचेचंच आवडतं. ओलं-कोरडं थर्मामीटर घेतलं तर आर्द्रताही निघते, त्याची वात तेवढी स्वच्छ ठेवायची आणि आरओचं पाणी वापरायचं, बोअरच्या पाण्यानं वातीवर क्षार बसतात आणि मग आकडा खोटा येतो. लावताना बागेच्या सगळ्यात खोलगट कोपऱ्यात लावा, मांडवाच्या सावलीत, घडाच्या उंचीला, पत्र्याच्या शेडपासून आणि भिंतीपासून लांब. घराच्या ओट्यावर लावलं तर भिंतीची ऊब वाचत बसाल.

आणखी काय पाहिजे? महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं राज्यात दोन हजारांच्या वर, महसूल मंडळागणिक आहेत, ती पीक विम्याच्या कामात येतात. त्या केंद्रांचं रोजचं किमान तापमान आणि आर्द्रता मेघदूतमध्येच, बुलेटिनच्या शेजारी, एका क्लिकवर दिसली तर आमच्यासारख्यांना खरंच सोनं मिळेल. दुसरं, बुलेटिनच्या तक्त्यात पहाटेचे दवाचे तास किंवा पान ओलं राहण्याचे तास असा एक रकाना द्यावा. ऑक्टोबर ते डिसेंबर डावणीच्या फवारणीचा अर्धा निर्णय त्याच्यावर असतो, आणि फवारण्या कमी झाल्या तर पैसे तर वाचतातच, मालात औषधाचा अंश पण कमी राहतो.

स्टार द्यायचे तर वादळ आणि दामिनीला पाचपैकी पाच, बुलेटिनला साडेचार, नाउकास्टला चार, मौसमच्या शहरवार अंदाजाला शेतीच्या दृष्टीनं तीन. कांदावाल्यांना पण हेच लागू आहे, रांगड्याला आणि रोपवाटिकेला धुई आणि दव बघावंच लागतं, करपा रोग वाट बघत नाही. गहू-हरभऱ्यावाल्यांनी मात्र ह्या थंडीला नाव ठेवू नये, त्यांचं पीक तिच्यावरच आहे.

थर्मामीटर घेणार असाल तर तुळशीच्या लग्नाच्या आत लावून टाका, आणि रोजचा आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहा, शेजारी बुलेटिनमधला किमान लिहा, आभाळ होतं का मोकळं होतं ते लिहा. थोड्याच दिवसांत कळतं की ढगाळ रात्री दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात आणि मोकळ्या, बिनवाऱ्याच्या रात्री आपल्या कोपऱ्यात किती अंश कमी असतं. मग डिसेंबरात बुलेटिनमध्ये किमान ११ दिसलं की आपल्या बागेत किती होणार ते आदल्या दिवशी संध्याकाळीच काढता येतं, आणि पहाटेच्या ठिबकचा टायमर लावून झोपता येतं.